बारा लाख आणि गच्चीवरची सावली

ताई, नमस्कार. आम्ही घणसोलीला राहतो, गाव पाटण तालुक्यात. आमचे हे ५१ वर्षांचे आहेत. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत २४ वर्षं बॉयलरवर आहेत, बॉयलर चालवायचं फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट आहे. आता कंपनी फर्नेस ऑइलचा जुना बॉयलर काढून गॅसवरचा नवीन बसवते आहे. माणसं कमी लागणार म्हणून व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) काढली आहे, महिनाअखेरपर्यंत फॉर्म द्यायचा आहे. मुलगा २३ वर्षांचा, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला. सध्या एका ठिकाणी पॅनल वायरिंगला जातो. त्याला सोलरची डीलरशिप घ्यायची आहे. १२ लाख भरले की अर्धी नवी मुंबई आपल्याला मिळणार म्हणतो. पैसे अर्थात ह्यांच्या व्हीआरएसमधून. परवा जेवताना हे नुसतं ‘बघू’ म्हणाले, तर मुलगा ताडकन म्हणाला, ‘बाबा, तुमचं तेला-कोळशाचं जग संपलं आता, तुम्हाला नाही कळायचं.’ तेव्हापासून हे कामावरून आले की चहाचा कप घेऊन गच्चीवर जातात ते अंधार पडेपर्यंत. कुणाशी बोलत नाहीत. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही. खरंच का हो संपलं ते जग? आणि पैसे द्यावेत का?
– एक वाचक, घणसोली

ताई,

महिनाअखेर जवळ आहे, म्हणून पैशांचं आधी सांगते. बारा लाख देऊ नका. आत्ता नको, आणि या पद्धतीने तर नकोच. मुलगा चुकीच्या दिशेला निघालाय म्हणून हे सांगत नाहीये. दिशा त्याची बरोबर आहे.

पण त्या रात्रीच्या वाक्यात त्याची एक चूक झाली आहे. तुमच्या पत्रातच ती लिहिलेली आहे, तुमच्या लक्षात आली नसेल. ह्यांच्या बॉयलरखालचं तेल काढून कंपनी आणतेय काय, तर गॅस. गॅसही जमिनीच्या पोटातूनच येतो, तोही खनिज इंधनच. म्हणजे ह्यांची जागा सूर्याने घेतलेली नाही. फर्नेस ऑइल म्हणजे डांबरासारखं घट्ट, ते तापवल्याशिवाय बर्नरपर्यंत जात नाही. टँकर उतरवून घ्या, हीटर सांभाळा, नोझल काढून धुवा, काजळी खरवडा. गॅसला यातलं काही लागत नाही, म्हणून माणसं कमी लागतात. तुमच्या मुलाने बापाच्या नोकरीचं मरण भलत्याच्या नावावर लिहिलं. हे ह्यांना नक्की कळलं असणार. चोवीस वर्षं बॉयलरपुढे काढलेल्या माणसाला तेल आणि गॅसमधला फरक २३ वर्षांच्या पोराने समजावून सांगायला नको. म्हणूनच ते बोलले नसतील.

आता तुमचा मोठा प्रश्न, ते जग संपलं का?

आपण ठाणे जिल्ह्यातली माणसं, आपल्याला हे रेल्वेवरून चटकन कळेल. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ती कोळसा जाळत आली. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेवरची गाडी धावली. त्या दिवशी स्टेशनवर एखादा तरुण आपल्या फायरमन बापाला ‘तुमचं जग संपलं’ असं म्हणाला असता तर? ब्रॉडगेजवरची शेवटची वाफेची प्रवासी गाडी आपल्या देशात डिसेंबर १९९५ मध्ये बंद झाली. मध्ये सत्तर वर्षं गेली. दोन पिढ्यांच्या नोकऱ्या, लग्नं, पेन्शनी त्या सत्तर वर्षांत वाफेवर पार पडल्या. माझे एक मामा कल्याणच्या शेडला फायरमन होते. मामी त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि पाणी शाईसारखं व्हायचं. पुढे त्यांनी डिझेलचं ट्रेनिंग घेतलं, मग विजेच्या इंजिनावर गेले आणि शेवटपर्यंत कुरकुरत राहिले की या डब्यात बसून अंगाला ऊब म्हणून लागत नाही.

यावेळी सत्तर वर्षं लागणार नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०१०च्या अखेरीस देशात सौर विजेचे पहिले मोठे लिलाव झाले तेव्हा युनिटला ११-१२ रुपये दर आला होता. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातमधल्या लिलावात तो १ रुपया ९९ पैशांवर आला. दहा वर्षांत इतकी स्वस्ताई मी दुसऱ्या कुठल्याच वस्तूत पाहिलेली नाही, मोबाइलचा डेटा सोडला तर. २०२३च्या डिसेंबरमध्ये दुबईच्या हवामान परिषदेत जगभरच्या देशांनी खनिज इंधनांपासून दूर जायचं हे पहिल्यांदा कागदावर मान्य केलं. आपल्याकडे जून २०२५ मध्ये वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-खनिज झाली, सुमारे ४८५ पैकी २४३ गिगावॉट. हे आपण २०३० पर्यंत करू असं जगाला सांगितलं होतं, पाच वर्षं आधी झालं. मुलगा हाच आकडा सांगत असणार. ‘निम्मा देश सोलरवर’ असे मेसेज माझ्याही फोनवर आले होते.

इथे जरा थांबायचं. निम्मी क्षमता म्हणजे निम्मी वीज नव्हे, आणि त्यात धरणांची आणि अणुवीजही धरलेली आहे. गच्चीवरचा एक किलोवॉटचा सोलर दिवसाला सरासरी चार युनिट देतो, कारण ऊन तेवढंच असतं. कोळशाच्या केंद्रातला एक किलोवॉट रात्रंदिवस चालतो, तो याच्या चौपट देऊ शकतो. त्यामुळे क्षमतेत अर्धा वाटा गमावूनही देशात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून ७० टक्क्यांच्या आसपास आहे. संध्याकाळी आठला घणसोलीत घरोघरी एसी लागतात तेव्हा सूर्य केव्हाच मावळलेला असतो, आणि तिकडे चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या केंद्रात कोळसा पडत असतो. दिवसाची वीज रात्रीसाठी ठेवायची सोय होईपर्यंत हे असंच राहणार. सोय होते आहे, नाही असं नाही. बॅटऱ्या येताहेत. आणि एक जुनी युक्ती तर आपल्याच जिल्ह्याच्या सीमेवर आहे: घाटघरला वर एक जलाशय, खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला दुसरा. वीज स्वस्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, गरज पडेल तेव्हा खाली सोडून २५० मेगावॉट वीज काढायची. अशी ठिकाणं खूप लागतील आणि ती एका रात्रीत बांधता येत नाहीत.

शिवाय तुम्ही पाटणच्या. कोयनेचं पाणी १९६० मेगावॉट वीज देतं, त्यासाठी गावंच्या गावं उठली, हे तुम्हाला मी काय सांगणार. धूर न काढणारी वीज आपल्याकडे नवी नाही, आणि ती फुकटात येत नाही हेही तुमच्या तालुक्याइतकं कुणाला माहीत नसेल.

भारताने कार्बनचा हिशोब शून्यावर आणायचं वर्ष २०७० सांगितलंय. तेव्हा तुमचा मुलगा सत्तरीला टेकलेला असेल.

आता ह्यांच्या कामाबद्दल. लोक ऊर्जा म्हटलं की विजेचाच विचार करतात. जगात माणसं जेवढी ऊर्जा वापरतात त्यातला विजेचा वाटा पाचवा हिस्सा आहे, आणि जवळजवळ निम्मी ऊर्जा निव्वळ काहीतरी तापवण्यात जाते. रंग, औषधं, कापड, दूध, साखर, हॉस्पिटलची लाँड्री, सगळीकडे वाफ लागते. ती वाफ आज तेलावर होईल, उद्या गॅसवर, परवा भुशाच्या ब्रिकेटवर (भुसा दाबून केलेल्या विटांवर) किंवा थेट विजेवर. बॉयलरखाली काय जळतंय ते बदलत राहील. गेज ग्लासमध्ये पाणी कुठे आहे, ब्लोडाउन कधी द्यायचा (म्हणजे तळाचं गढूळ पाणी कधी काढायचं), सेफ्टी व्हॉल्व्ह का फुसफुसतोय, हे बघणारा सर्टिफिकेटवाला माणूस लागणारच. १९२३चा बॉयलर कायदा जाऊन २०२५चा आला, त्यातही ती अट सुटलेली नाही. आणि ते सर्टिफिकेट ह्यांच्या नावावर आहे, कंपनीच्या नाही. ५१ व्या वर्षी फर्स्ट क्लास माणसाला या पट्ट्यात काम मिळत नाही असं मला तरी वाटत नाही. पगार थोडा कमी मिळेल, शिफ्ट मिळेल, ते वेगळं.

म्हणून व्हीआरएसचा फॉर्म द्यायचा की नाही हे आधी, आणि पोराच्या धंद्यापासून पूर्ण तोडून, ठरवा. नव्या बॉयलरवर किती माणसं ठेवणार आणि त्यांना ट्रेनिंग देणार का, हे ह्यांनी मॅनेजरला तोंडावर विचारावं. पीएफच्या पेन्शनचाही हिशोब काढा. ती ५८ व्या वर्षी पूर्ण मिळते. पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण जितकी वर्षं आधी घ्याल तितके दरवर्षी चार टक्के कापले जातात, आणि ती कपात कायमची राहते. व्हीआरएसच्या रकमेतले ५ लाखांपर्यंतचे ठरावीक अटींवर आयकरातून सुटतात, वरच्यावर कर लागेल. कंपनीने सांगितलेला आकडा आणि हातात पडणारा आकडा यात अंतर असतं. बारा लाखांची गोष्ट करणाऱ्याने हे अंतर मोजलंय का?

आता डीलरशिप. मला यातलं सगळ्यात खटकलं ते ‘अर्धी नवी मुंबई आपली’. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सरकार घरासाठी दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार, आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला एकूण ७८ हजार अनुदान देतं. पण त्यात ग्राहक नोंदणी केलेल्या विक्रेत्यांच्या यादीतून त्याला हवा तो निवडतो. यादीतला कुणीही घणसोलीत येऊन काम करू शकतो. तुमच्या मुलाला अर्धी नवी मुंबई देणारी कंपनी फार तर तिच्या स्वतःच्या मालाची देईल, ग्राहक देऊ शकत नाही. त्याला हे विचारा: १२ लाखांपैकी किती डिपॉझिट, किती मालाचे? डिपॉझिट परत मिळतं का, आणि हे करारात कुठल्या ओळीत लिहिलंय? पॅनलवर २५ वर्षांची हमी देतात, ती पाळणार कोण, बनवणारा की विकणारा? कंपनीच्या दोन जुन्या डीलरांना तो भेटलाय का, कंपनीने गाठ घालून दिलेल्यांना नाही, स्वतः शोधून काढलेल्यांना? या योजनेच्या नावाने फसवणारेही पुष्कळ फिरताहेत, म्हणून एवढं खोदून विचारायचं.

आणि समजा कंपनी अगदी चोख आहे. तरीही. मधली थोडी चढउतार सोडली तर पॅनलचे भाव गेल्या पंधरा वर्षांत पडत आलेत. ग्राहकाला ते छानच, पण ज्याने सहा महिन्यांपूर्वी माल उचलून गाळ्यात रचून ठेवलाय त्याचं काय? ज्या घसरणीच्या जोरावर सोलर कोळशाला हरवतंय, तीच घसरण गोदामात माल घेऊन बसलेल्याला खाते. हे मी आमच्या ओळखीतल्या एका घरी पाहिलंय. गाळ्याचं भाडं चालू, माल जुना, आणि नवीन मॉडेल त्याच पैशात जास्त वॉटचं.

शिवाय आपल्याकडची गिऱ्हाईकं कशी असतात ते बघा. इकडे बंगले किती? सगळ्या सोसायट्या. सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातल्या दिव्यांसाठी सोलर बसवलं तर किलोवॉटला १८ हजार अनुदान आहे, म्हणून सेक्रेटरी उत्साहाने बोलावतात. मग तीन कोटेशनं मागतात. मग वार्षिक सभा. सभेत वरच्या मजल्यावरचे म्हणणार गळती होईल, एक काका म्हणणार माझा भाचा स्वस्तात देतो, आणि विषय पुढच्या सभेवर. तोवर जून उजाडतो, आणि पावसाळ्यात गच्चीवर ड्रिल चालवायला कुणी देत नाही. वर नेट मीटरचे, म्हणजे गच्चीवरची जास्तीची वीज बिलातून वळती करायचे, नियम राज्य वीज नियामक आयोगाच्या हातात, ते बदलले की ग्राहकाला सांगितलेला सगळा हिशोब नव्याने मांडायचा. एवढ्या सगळ्यात तग धरायला वर्षभराचा खर्च हाताशी लागतो. बारा लाख भरून झाल्यावर तो कुठून येणार?

मग मुलाने करायचं काय? नोकरी. एखाद्या नोंदणीकृत, सोलर बसवणाऱ्या माणसाकडे वर्ष-दीड वर्ष, पगार कमी मिळाला तरी. पॅनल वायरिंग येतंय, डिप्लोमा आहे, म्हणजे पाया आहे. पण गच्चीवरचं काम वेगळं. मी एकदा आमच्या सोसायटीत ते काम चालू असताना दुपारभर खुर्ची टाकून बसले होते, मुलांना सरबत देण्याच्या निमित्ताने. दोन केबलींची टोकं जोडणारा एक बोटाएवढा काळा कनेक्टर असतो. आतली पिन नीट दाबली गेली आणि दोन भाग ‘टक’ करून बसले तर पंचवीस वर्षं बघायला नको. पक्कड वापरून कशीतरी चेपली तर ती तापत राहते आणि एक दिवस तिथेच जळते. त्यांच्यातला हेड होता तो प्रत्येक जोड कानाशी नेऊन ओढून बघत होता. हे डीलरशिपच्या करारात शिकवत नाहीत. तसंच खाडीवरच्या खाऱ्या वाऱ्याचं. ठाणे-नवी मुंबईत पॅनलखालचा सांगाडा नीट गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) नसेल तर दोन-तीन पावसाळ्यांत नटबोल्ट गंजलेले दिसतात. आणि कबुतरं! पॅनलवर कबुतरांनी घाण केली की तेवढा भाग वीज देत नाही आणि उलट तापतो. नवी मुंबईत नुसतं पॅनल धुण्याचं आणि तपासण्याचं काम कुणी प्रामाणिकपणे घेतलं तर चार सोसायट्यांमागे पाचवी सोसायटी चालत येईल असं माझं मत. त्याला भांडवल काय लागतं? शिडी, सेफ्टी बेल्ट, मल्टीमीटर, ती पिन दाबायची नीट पक्कड. द्यायचेच असतील तर त्याला अवजारांचे पैसे द्या. आणि नोकरी करता करता वायरमनच्या परवान्याचं बघायला सांगा, पुढे स्वतःच्या नावाने काम घ्यायचं तर तो कागद उपयोगी पडेल.

वर्षभराने तो स्वतःच्या पायांवर चढलेल्या गच्च्या मोजून परत आला आणि म्हणाला की आता धंदा करायचा, तर तेव्हा पुन्हा बसा. तेव्हा कदाचित १२ लाख मागायची वेळच येणार नाही.

मुलाने माफी मागावी का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रभर तेच आहे. या वयाची मुलं ‘सॉरी बाबा’ म्हणत नाहीत, तुम्ही बळजबरीने म्हणायला लावलं तर दोघंही अवघडतील. तुम्ही मध्ये निरोप्याचं कामही करू नका. त्यापेक्षा एक साधं काम लावून द्या.

सोलरमध्ये सावलीला फार महत्त्व आहे. पॅनल माळेसारखी एकामागे एक जोडलेली असतात. त्यातल्या एकावर सावली पडली की सगळ्या माळेची वीज खाली येते. म्हणून गच्चीवर पहिलं काम असतं ते सावल्या मोजायचं: पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, शेजारचा टॉवर, कुणाची सावली किती वाजता कुठवर येते. मुलाला म्हणावं, आधी आपल्याच गच्चीचा नकाशा काढ, कोटेशन कसं करतात ते मला दाखव. नकाशा काढायला तो वर जाईल तेव्हा संध्याकाळ असेल आणि ह्यांच्या हातात चहाचा कप असेल. पाच वाजता टाकीची सावली कुठल्या फरशीपर्यंत येते ते त्यांना विचार, एवढंच त्याला सांगा. गेले काही दिवस ते रोज तिथेच बसून आहेत.

तुम्ही वर जाऊ नका. खाली पोह्यांची तयारी करा, आणि फॉर्मची तारीख चुकवू नका.